बाजेखालची शेगडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी सख्ख्या बहिणीला नाही. देऊळगाव राजाच्या बालाजीसमोर दरवर्षी उभी राहते, घरातल्या एकेकाची खुशाली मागते, आणि ही गोष्ट मनात वर यायला लागली की हात सोडून प्रसादाच्या रांगेकडे वळते. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. असेलही. पण ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या तोंडून ऐकणं वेगळं — नाही का?

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ते बरंच आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे त्याच्या चेहऱ्याकडे बघत सांगावं लागतं, आणि चेहरे बघायची मला वाईट खोड आहे. समोरचा खरं बोलतोय की नाही हे मी आधी बघते. काय बोलतोय ते मागून ऐकते.

ही खोड माझ्या कामानं लावली असं मी म्हणत आले. आमच्या शेतात शेडनेट आहे. हिरव्या जाळीखाली आम्ही कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार करतो. मादी झाडावरची कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, आतले परागाचे दांडे काढून टाकायचे, आणि मग नर झाडाच्या फुलाचा पराग आणून तिला लावायचा. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. एखादी कळी नजरेतून सुटली, आपली आपण उमलली आणि फळली, तर ते बी भेसळीचं. अशी फळं मिसळली की कंपनी अख्खा प्लॉट नापास करते. म्हणून बायका पुढं काम करत जातात आणि मागून एकजण पान न् पान उलटून बघत जाते, कुठं काही सुटलं का. ती एकजण म्हणजे मी. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

पण माझ्यासारखं काम गावात कितीतरी बाया करतात. त्यांनी कुणी असं केलं नाही. तेव्हा कामाला दोष देऊन उपयोग नाही.

रेखा माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आपल्याकडे रीतच आहे. कळा फार वेळ चालल्या. मूल अंगानं मोठं, रेखा चणीनं बारीक. शेवटी जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी रेखा खाटेवरून उठायला गेली आणि तिचं डावं पाऊल उचलेना. गुडघा वाकत होता, मांडी हलत होती, पण घोट्याखालचं पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या वरच्या बाजूला हात लावला तरी तिला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाळंत होताना नस दबलीय. येईल हळूहळू. पण महिने लागतील.

महिने! आणि क्रॉसिंगचा हंगाम तोंडावर आलेला.

मला ते पहिल्यापासून पटलंच नाही. पायाला सूज नाही, जखम नाही, प्लास्टर नाही. दिसायला तिचा पाय माझ्या भेगाळलेल्या पायापेक्षा कितीतरी चांगला. मग ती नस कुणी बघितली? डॉक्टर काय, पेशंट सांगेल ते लिहून घेतात. मी दोन बाळंतपणं केली, दोन्ही वेळा सव्वा महिना व्हायच्या आत शेतात गेले. मला कशी नाही दबली नस? असले हिशेब माझ्या डोक्यात भाकऱ्या थापतानासुद्धा चालू असायचे.

घरात माझी सासू होती. आम्ही आत्याबाई म्हणायचो. गावातल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ तिनं घातलेली. पाटावर बसायची, दोन्ही पाय लांब करून त्यावर बाळ पालथं घ्यायची, आणि तिच्या हाताला लागलं की रडणारं पोर गप्प व्हायचं. लांबून लांबून बायका बोलवायला यायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "पोरीचं बाळंतपण निभू दे, मंग पाहू डोळ्याचं."

आत्याबाई लेकीत गुंतलेली, आणि बाकीचं घर माझ्यावर. पहाटे उठून स्वयंपाक, डबे, मग शेडनेट, संध्याकाळी येऊन धुणं. आणि आतल्या खोलीत बाजेवर रेखा पडलेली, डिंकाचे लाडू खात. माझ्या मनात जळफळाट होता. त्याला मी संशय म्हणत होते, कारण संशय म्हटलं की आपण शहाणे वाटतो.

मग पुरावे सापडायला लागले. संशयी माणसाला पुरावे सापडतातच. एकदा दुपारी मी अचानक घरी आले. पाळण्यात बाळ रडत होतं आणि रेखा भिंतीला धरून त्याच्याकडे चालली होती. चालली होती! गुडघा उंच उचलून, पाण्यातल्या बगळ्यासारखी, आणि पाऊल फरशीवर टप्पकन आपटत. ती चालतेय एवढंच मी बघितलं. ती कशी चालतेय, तिच्या कपाळावर किती घाम आहे, ते मी बघितलं नाही. आणखी एकदा ती फोनवर नवऱ्याशी बोलत होती. "एवढ्यात नाही येत मी, पाय बरा होऊ द्या," असं म्हणाली आणि हसली. त्या हसण्याचं मी काय काय केलं असेल! सासरी जायचं नाही म्हणून सोंग. राबायला फुकटची भावजय आहेच. बाळानं मांडीवर काही केलं म्हणून हसली असेल, तर ते मला कसं सुचणार?

नवऱ्याजवळ एकदा हळूच विषय काढला. तो म्हणाला, "तिचं दुखणं तुले खोटं वाटून राह्यलं का?" मी म्हटलं, मी कुठं तसं म्हणते. म्हटलं नाही, पण शेडनेटमधल्या बायकांजवळ म्हटलं. थेट नाही — "आमच्या नणंदेचा पाय पाहुणे आले की जास्त दुखतो," असं. बाया हसल्या. मला गार वाटलं.

आता जालन्याची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं सांगितलं तर तुम्ही मला थोडं सोडून द्याल, आणि ते बरोबर होणार नाही.

नसेची तपासणी करायला आम्ही रेखाला घेऊन गेलो. आत तिच्या पायाला तारा लावून करंट देऊन बघत होते. आत्याबाई बाळाला घेऊन बाहेर झाडाखाली बसलेली, नवरा औषधांच्या दुकानात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई पावलाला आधार द्यायची प्लास्टिकची पट्टी घेऊन बाहेर आल्या. कशी बांधायची ते मला दाखवलं. मग म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. या पायाला कसलाही शेक देऊ नका. भाजलं तरी तिला कळणार नाही. घरी सगळ्यांना सांगा." मी मान डोलावली.

आणि घरी कुणालाच सांगितलं नाही.

विसरले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. एसटीत सगळा रस्ता तेच वाक्य घोळवत होते. डॉक्टरसुद्धा हिला फसले, असं वाटत होतं. आणि हे घरी सांगितलं असतं तर? तर सगळं घर तिच्याभोवती आणखी पायघड्या घालत फिरलं असतं. भाजलं तरी कळणार नाही म्हणे! खरंच कळत नसेल का?

तुम्हाला आता अंदाज आला असेल. तरी मलाच सांगू द्या.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. न्हाणं झालं की तिला सुंभाच्या बाजेवर निजवायचं, अंगाखाली सुती लुगड्याची एकच घडी, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकायचा. त्या उबेनं कंबर शेकते आणि बाई झोपून जाते. आत्याबाई रोज शेगडी ठेवायची ती कंबरेखाली, जमिनीवर, हात घालून वर किती धग येते ते बघून. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण तिचा तळहात कधी चुकला नाही. हे मला माहीत होतं. माझ्या दोन्ही बाळंतपणात तिनंच शेकलं होतं मला.

त्या दिवशी मी डबा विसरले म्हणून शेतातून परत आले. आत्याबाई बाळाला घेऊन अंगणात कोवळ्या उन्हात बसली होती. आतल्या खोलीत रेखा डाव्या कुशीवर झोपलेली. डावा पाय खाली, नडगीची बाहेरची बाजू लुगड्याच्या घडीवर टेकलेली. तोच पाय. मी दारात थांबले. तिचा चेहरा इतका निवांत होता की मला राग आला. रात्रीतून बाळ तिलाही उठवत होतं, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मी वाकले आणि कंबरेखालची शेगडी पायाखाली सरकवली. थांबले. पाय हलला नाही. मग दाराला लावायची वीट होती ती आणली, शेगडी तिच्यावर ठेवली — धग सुंभापर्यंत पोचावी म्हणून — आणि परत दारात जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं, आता ओढेल. आता झटका देऊन पाय ओढून घेईल आणि हिचं सोंग उघडं पडेल. मी वाट बघत होते. हे नीट ऐका. मी तिचा पाय भाजावा म्हणून वाट बघत नव्हते, पण शेगडी काढायलाही पुढं होत नव्हते. पाय हलत नव्हता, आणि मला काय वाटलं माहितेय? वाटलं, किती सोंग करशील? तुझा हट्ट मोठा की माझा?

मी स्वयंपाकघरात गेले. डबा भरला. तांब्याभर पाणी प्याले, सावकाश. लुगडं करपल्याचा वास आला तेव्हा परत आले. रेखा झोपलेलीच होती. नडगी लाल दिसत होती. मी शेगडी कंबरेखाली होती तिथं नेऊन ठेवली, वीट दाराला लावली, डबा उचलला आणि मागच्या दारानं शेतात गेले. तिला उठवलं नाही. पाणी लावलं नाही. अंगणातून आत्याबाईनं विचारलं, "कोन हाय घरात?" मी उत्तर दिलं नाही.

शेडनेटमध्ये त्या दिवशी एका बाईच्या ओळीत मला सुटलेली कळी सापडली. मी तिला सगळ्यांसमोर झाडलं. लक्ष कुठं असतं तुझं, म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर सगळे रेखाच्या बाजेभोवती. तेल लावताना आत्याबाईच्या हाताला रेखाच्या पायावरचा फोड लागला होता. नडगीवर तळहाताएवढं कातडं सुटलेलं. रेखाला तेव्हासुद्धा दुखत नव्हतं, ती नुसती बघत होती, दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तशी. त्या क्षणी मला कळलं की ती खरं बोलत होती. पहिल्या दिवसापासून.

कुणी मला काही विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. आत्याबाई स्वतःच म्हणत होती, "मलेच दिसलं नसंन. माह्याच हातानं सरकली असंन शेगडी." माझा नवरा, ज्यानं आईसमोर कधी आवाज चढवला नाही, तो ओरडला, "तुले दिसत नाही नीट, मंग काऊन जातं विस्तवाजवळ?" ती खाली मान घालून बसली. मी चुलीपुढं होते, चार पावलांवर. तेव्हा बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की मी केलं. भाकरी तव्यावर होती, ती उलटली.

जखम खोल गेली होती. आधाराच्या प्लास्टिकच्या पट्टीचा पट्टा नेमका तिथंच यायचा, म्हणून ती बांधणं थांबलं. चालायचा व्यायाम थांबला. सुरुवातीचे जे महिने पायाला मिळायला हवे होते ते त्या जखमेनं खाल्ले. जालन्याच्या बाईंनी जखम बघितली आणि माझ्याकडे बघितलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "सासूबाईंना दिसत नाही हो. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत." इतकं सहज निघालं तोंडातून! त्या कुणाला बोलतील या भीतीनं पुढच्या प्रत्येक खेपेला मीच रेखाबरोबर गेले, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही.

आणि मग मी तिची सेवा केली. खूप केली. रोज जखमेची मलमपट्टी करायची, पावलाला टॉवेल अडकवून तिच्याकडून ओढून घ्यायचं, बोटं हलतात का बघायचं, अंगणात हाताला धरून चालवायचं. अंगठा पहिल्यांदा जरासा वर उचलला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. गावात माझं नाव झालं. भावजय असावी तर अशी! पण ती सेवा पश्चात्तापाची होती का? थोडी असेल. जास्त करून तो पहारा होता. तिला काही आठवतंय का, झोपेत काही जाणवलं होतं का, त्या विटेवर काळं दिसलं होतं का, हे मी रोज तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. आधी ती खोटं बोलते का म्हणून बघायचे, आता तिला खरं कळलं का म्हणून. वीट तर मी दुसऱ्याच दिवशी उकिरड्यात पुरली होती.

रेखा सासरी गेली, उशिरा गेली. पाय बराचसा आला, सगळा नाही. अजूनही थकली की पाऊल टप्पकन वाजतं आणि अंगठा उंबऱ्याला अडकतो.

आत्याबाईनं त्यानंतर एकाही बाळाला आंघोळ घातली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवण्याइतकं लख्ख दिसायला लागलं, तरी नाही. बायका नवं बाळ घेऊन यायच्या, विनवायच्या. ती हात पदराखाली घ्यायची. "माह्या हाताचा भरवसा नाही राह्यला, माय. दुसऱ्या कोनाले बलाव." मी तिथंच असायचे. चहा ठेवायचे त्या बायकांना.

ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात रेखा लेकीला घेऊन आली होती. दुपारची वेळ, मी आत्याबाईला मोसंबीचा रस पाजत होते. तिनं रेखाला पाय जवळ घ्यायला सांगितलं, आणि त्या गुळगुळीत डागावर आपला तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. "माह्या हातानं झालं वो पोरी हे." रेखा रडायला लागली, "माय, तू अजून तेच धरून बसली का?" तेव्हा आत्याबाईनं माझ्याकडे बघितलं. मी रसाचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, हिला माहीत आहे. सगळं माहीत आहे, आणि आता बोलणार.

ती म्हणाली, "तूच सांग इले. म्या जाणूनबुजून केलं का?"

मी म्हटलं, "नाही आत्याबाई. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? आम्ही कुणीच ते मनात ठेवलं नाही."

तिनं माझा हात ओढून घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

तिची ती नजर मी पुढं कितीदा उलटसुलट करून बघितली आहे. तिला माहीत असेल का? असतं तर मला बरं वाटलं असतं — म्हणजे तिनं समजून मला झाकलं, असं म्हणता आलं असतं. पण त्या नजरेत मला काहीही सापडलं नाही. तिनं मला खरंच विचारलं होतं. आणि मी तिला माफ केलं.

रेखा अजूनही कुणी पायाबद्दल विचारलं की तेच सांगते. मायच्या हातानं भाजला आणि वयनीच्या हातानं बरा झाला, म्हणते. मग लेकीला सांगते, मामीच्या पाया पड. पोरगी वाकते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते.